नाशिकमध्ये मुलासाठी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) शोधताना: कुठे विचारायचं, काय तपासायचं, कधी बदलायचं

प्रश्न असा आहे: मुलगा सव्वापाच वर्षांचा, सीनियर केजीत. पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मिक्सर सुरू झाला की कान झाकून दुसऱ्या खोलीत पळतो. बाई म्हणतात, वर्गात जागेवर बसत नाही. बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘ओटी असेसमेंट’, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या या थेरपीसाठी तपासणी, एवढंच लिहून दिलं. घर इंदिरानगरला. एका सेंटरने तीन महिन्यांचं रोजचं पॅकेज सांगितलं, दुसरीकडे फिजिओथेरपिस्टच ओटी करतात असं कळलं, तिसरं सेंटर नाशिकरोडला आहे. यातून निवडायचं कसं?

आधी थोडक्यात सांगतो. सेंटरचं नाव, खोलीतले झोके आणि गूगलवरचे तारे बाजूला ठेवा. मुलासोबत प्रत्यक्ष बसणारी व्यक्ती ऑक्युपेशनल थेरपीची पदवीधर आहे का, तुमच्या तक्रारींवरून ती लेखी उद्दिष्टं ठरवते का, सेशनला तुम्हाला आत बसू देते का आणि तिथे आठवड्यातून दोनदा सहा महिने जाणं तुम्हाला झेपेल का, हे चार प्रश्न धरून चाला. चारही उत्तरं ‘हो’ असतील तर छोट्या गाळ्यातलं सेंटरसुद्धा उत्तम. एक जरी ‘नाही’ असेल तर बाकीची चकचकीत व्यवस्था फारशी कामाची नाही.

पदवीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. ओटीची पदवी म्हणजे बी.ओ.टीएच. किंवा बी.ओ.टी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे आपल्या म्हसरूळच्या विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप असा चालत आला आहे. पुढे एम.ओ.टीएच. करता येतं, त्यात काही जण बालविभाग घेतात. फिजिओथेरपीची पदवी बी.पी.टीएच., ती वेगळी. उभं राहणं, चालणं, स्नायूंचा ताण, श्वसन यांत फिजिओ तरबेज असतात आणि सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचाली अवघड होतात, त्या) मुलाला दोघंही लागतात. पण तुमच्या मुलाच्या तक्रारी लिहिणं, कपडे घालणं, आवाज सहन होणं, वर्गात बसणं अशा आहेत. हे ओटीचं काम आहे. ‘आमच्याकडे फिजिओच ओटी करतात’ या वाक्यावर तिथून नम्रपणे निघावं.

नोंदणी कुठे तपासायची? महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओ या दोघांसाठी राज्याची व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे, 2002 च्या अधिनियमानुसार स्थापन झालेली. तिचं नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि तीन गोष्टी वाचा: नाव, शाखा ‘व्यवसायोपचार’ आहे की ‘भौतिकोपचार’, आणि नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगही आला आहे, त्यामुळे पुढे नोंदणीची चौकट बदलत जाईल; तरी आज प्रमाणपत्र मागायला काहीच हरकत नाही. बरेच पालक इथे एक गल्लत करतात. ‘आरसीआय नंबर आहे’ म्हटलं की निश्चिंत होतात. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक अशांची नोंदणी करते. ओटीची करत नाही. म्हणजे आरसीआय नंबर दाखवून कोणी ओटी देत असेल तर ती व्यक्ती बहुधा विशेष शिक्षक आहे. विशेष शिक्षकांचं काम मोलाचं आहे, पण ते ओटी नव्हे.

प्रमाणपत्र मागताना अवघडल्यासारखं वाटतं, मान्य आहे. ‘शाळेच्या फाइलला लावायला पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा होता’ असं म्हणा. चांगला थेरपिस्ट लगेच देतो, बहुतेकांच्या रिपोर्टवर तो छापलेलाच असतो. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

ओटीकडे जाण्याआधी दोन तपासण्या उरका: डोळे आणि कान. जवळचं अंधुक दिसणाऱ्या मुलाचं अक्षर थेरपीने सुधारत नाही, चष्म्याने सुधारतं. कानात वारंवार पाणी साठत असेल तर आवाज कधी कमी, कधी विचित्र ऐकू येतात आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असं वाटतं. या दोन गोष्टी राहून गेल्यामुळे सहा-सहा महिने वाया गेलेली मुलं पुष्कळ असतात. आणि पुढची लक्षणं असतील तर ओटी थांबू द्या, आधी बालरोगतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ गाठा: आधी येणाऱ्या गोष्टी किंवा शब्द हरवले, मूल काही क्षण टक लावून हरवल्यासारखं होतं, झटके येतात, एक हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा कमी चालतो. घरात लहान भावंड असेल तर हेही लक्षात ठेवा: दीड वर्षाच्या आत मूल ठामपणे एकाच हाताने सगळं करू लागलं तर ‘डावखुरं निघालं’ म्हणून कौतुक करण्याआधी दुसरा हात तपासून घ्या. सेरेब्रल पाल्सीची ती खूण असू शकते.

आता शोधायचं कुठे. महाराष्ट्रात ओटीची जुनी कॉलेजं मुंबईत केईएम, नायर, सायन आणि नागपूरला शासकीय महाविद्यालयात; केईएमचं तर 1950 सालचं, देशातलं पहिलं. त्यामुळे पदवीधर ओटी मुंबईकडे जास्त आणि नाशिकसारख्या शहरात मोजके, असं चित्र आहे. मोजके असले तरी सापडतात. सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे ज्यांनी चिठ्ठी दिली त्याच बालरोगतज्ज्ञांना परत फोन करून विचारणं: ‘तुम्ही पाठवलेल्या मुलांचे रिपोर्ट कोणाकडून परत येतात?’ हा प्रश्न मुद्दाम असाच विचारा. ‘कोण चांगलं आहे?’ म्हटलं की ओळखीचं नाव मिळतं. रिपोर्ट परत पाठवणारा थेरपिस्ट मात्र शिस्तीने काम करणारा असतो. नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग चालवणारी रुग्णालयं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पाठपुरावा करतात, त्यांच्याकडे ओटीची नावं असतात. आडगावला मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या बालरोग विभागातही चौकशी करा. विशेष मुलांच्या शाळांत भेट देणारे ओटी असतात, मूल त्या शाळेत नसलं तरी फोन करून नाव विचारता येतं.

सरकारी वाटही आहे आणि ती कमी लेखू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी होते. संशय आला की मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून बालरोग ओपीडीत डीईआयसीबद्दल विचारा. तिथे नेमकं असं विचारा: ‘ओटीचं पद भरलेलं आहे का, की फिजिओ आहेत? कोणत्या वारी, किती वाजता?’ या केंद्रांत बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवण, दृष्टी, मानसशास्त्र असे विभाग अपेक्षित असतात. ओटी प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही. पण डोळे, कान आणि विकासाची तपासणी तिथे एका छताखाली होऊ शकते. ज्यांना खाजगी फी परवडत नाही त्यांनी निदान तेवढं तरी तिथे करून घ्यावं.

नावं हाती आली की फोन. पाच मिनिटं पुरतात. असेसमेंट कोण करणार आणि पुढची सेशन्स कोण घेणार? (पाटीवर एकाचं नाव आणि मुलाबरोबर बारावी झालेली ‘असिस्टंट’, हा प्रकार फार चालतो.) असेसमेंटला किती वेळ लागतो, लेखी रिपोर्ट मिळतो का, त्याची फी वेगळी आहे का? सेशन किती मिनिटांचं? आम्ही आत बसू शकतो का? गैरहजेरीचे पैसे कसे धरता? माझ्या मुलाच्या वयाची, अशाच तक्रारींची मुलं तुमच्याकडे येतात का? शेवटच्या प्रश्नावर ‘आम्ही सगळं बघतो’ यापेक्षा ‘अक्षर आणि बटणांसाठी येतात, पण फीडिंगचं काम माझं नाही, ते अमुक करतात’ असं उत्तर जास्त विश्वासाचं.

असेसमेंट कसं झालं यावरून माणूस कळतो. पहिली भेट 45 मिनिटं ते दीड तासाची असावी आणि त्यातला बराच वेळ तुमच्याशी बोलण्यात जावा: सकाळ कशी जाते, काय खातो, अंघोळीला डोक्यावर पाणी घेतो का, झोप, शाळेत काय अडतं. मग मुलाशी खेळ. प्रश्नावली भरून घेतली जाते. ‘सेन्सरी प्रोफाइल’ हे नाव तुमच्या कानावर पडेल; आवाज, स्पर्श अशा संवेदनांना मूल कसा प्रतिसाद देतं याची ती प्रश्नावली. हाताच्या आणि हालचालींच्या चाचण्या होतात. पण नुसती प्रश्नावली भरून, मुलाला हात न लावता ‘सेन्सरी इश्यू आहे’ असा निकाल दिला तर ते असेसमेंट झालेलंच नाही.

लिहिण्याचं पाहताना एका गोष्टीचा आग्रह धरा, ती आपल्याकडे सर्रास सुटते. मूल मराठीही लिहीत असेल तर देवनागरीतलं लिखाण तपासायला सांगा आणि वही सोबत न्या. बाजारातल्या बहुतेक लेखन चाचण्या इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या आहेत. देवनागरीची अडचण वेगळी असते: अक्षर शिरोरेषेखाली लटकवायचं, काना-मात्रा वर-बाजूला, उकार खाली, ‘क’ला दोन्ही बाजूंना वळण, ‘इ’मध्ये एका दमात दिशा बदलायची. इंग्रजीत चार रेघांत बसणारं मूल मराठीत एका रेघेवर गडबडतं आणि कधी उलटंही होतं. चांगला थेरपिस्ट वही बघून नेमकं सांगतो: दाब इतका आहे की पुढच्या पानावर ठसा उठतो, मनगट हवेत आहे, डावा हात कागद धरत नाही, अक्षराची सुरुवात खालून होते, की हे सगळं ठीक असून नजर आणि हात यांचा मेळ बसत नाही. कारण वेगळं तर इलाज वेगळा. ‘ग्रिप कमजोर आहे, क्ले खेळवा’ एवढ्यावर असेसमेंट संपलं तर ते अर्धवट आहे. आणि चार बोटांनी पेन्सिल धरणाऱ्या मुलाचं अक्षर वाचता येत असेल, हात दुखत नसेल, तर ती पकड बदलायला लावू नये. तुमच्या मुलाची मूठ आहे आणि हात दुखतोय, म्हणून काम करायला हवं.

रिपोर्टमध्ये उद्दिष्टं बघा. ‘फाइन मोटर स्किल्स (बोटांची बारीक कामं) सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ते तपासता येत नाही, म्हणून कधी पूर्णही होत नाही. उद्दिष्ट असं हवं: ‘12 आठवड्यांत शाळेच्या शर्टाच्या पाचपैकी तीन बटणं अंगावर असताना स्वतः लावेल’ किंवा ‘हात न थांबवता चार ओळी, खुर्चीत दोन्ही पाय टेकवून लिहील’ किंवा ‘मिक्सर लावण्याआधी सांगितलं तर खोलीत थांबेल’. एका वेळी तीन पुरेत. रिपोर्टमध्ये 15 मुद्दे असतील तर विचारा, यातले आधीचे तीन कोणते.

झोके, बॉलपिट आणि रंगीत मॅट पाहून पालक भारावतात. सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदनांचा मेळ घालायला शिकवणं, ही डॉ. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडलेली पद्धत. तिला टांगती साधनं आणि मोकळी जागा लागते हे खरं. पण झोक्यावर बसवून 20 मिनिटं हलवणं म्हणजे ती पद्धत नाही. मूल काहीतरी करू पाहतंय, थेरपिस्ट आव्हान थोडं थोडं वाढवतोय, असं दिसायला हवं. छताचा हुक कशात बसवलाय, खाली किती जाड मॅट आहे, हेही बघा. पीओपीच्या छताला टांगलेला झोका धोक्याचा. त्या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे, किती दिवसांचं घेतलं हे विचारा. दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर चढवणारे आहेत, आणि महिनोन्‌महिने शिकलेलेही आहेत. सेरेब्रल पाल्सीसाठी ‘एनडीटी’ किंवा ‘बोबाथ’ हे शब्द ऐकाल, ती हालचाली सुधारण्याची एक पद्धत आहे. तो मूळ कोर्स काही आठवड्यांचा असतो, तिथेही हाच प्रश्न.

आता रोजच्या पॅकेजबद्दल. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींसाठी आठवड्यातून दोन सेशन्स, प्रत्येकी 45 मिनिटं, आणि घरी रोज 10-15 मिनिटं, ही रास्त सुरुवात आहे. रोज तास-दीड तास, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, आणि तेही असेसमेंटच्या आधीच ठरलेलं, याला नकार द्या. मुलाला काय हवंय हे बघण्याआधी किती सेशन्स लागतील हे कोणालाच सांगता येत नाही. महिन्याचे पैसे महिन्याला द्या. आजारपणामुळे चुकलेलं सेशन भरून मिळेल का, हे लिहून घ्या. पावसाळ्यात मुलं हमखास आजारी पडतात.

अंतराचा हिशेब प्रामाणिकपणे करा. इंदिरानगरहून नाशिकरोड लांब नाही, पण शाळेनंतर दमलेलं, भुकेलेलं मूल घेऊन संध्याकाळची गर्दी आठवड्यातून दोनदा ओलांडणं वेगळं. तिसऱ्या महिन्यापासून सेशन्स बुडू लागतात ती बहुतेक याच कारणाने. दोन्ही थेरपिस्ट सारख्याच तोडीचे असतील तर जवळचा घ्या. लांबचा खरोखर सरस असेल तर आठवड्याला एक सेशन आणि घरचा कार्यक्रम जास्त नेटका, अशी तडजोड मागा. समजूतदार थेरपिस्ट ती करतो. वेळही जपून निवडा. दुपारी तीनच्या झोपेच्या वेळी नेलेलं मूल ‘सहकार्य करत नाही’ असं रिपोर्टमध्ये येतं.

घरी काय करायचं, हे प्रत्येक सेशननंतर करून दाखवायला हवं, सांगून भागत नाही. बटणांचं उदाहरण घ्या. सुरुवात शेवटून करायची: काजातून बटण तुम्ही अर्धं ढकला, मुलाने फक्त पलीकडून ओढून काढायचं. ते सहज जमलं की ढकलणंही त्याचं. आधी बाबांच्या जुन्या शर्टावर, टेबलावर पसरून. मग तोच शर्ट अंगात घालून. मग स्वतःच्या शर्टावर, खालच्या बटणापासून, कारण वरचं दिसत नाही. सकाळी व्हॅन येण्याच्या घाईत हा सराव नको, संध्याकाळी करा. पेन्सिलीसाठी लांब पेन्सिल बाजूला ठेवून दोन-तीन सेंटिमीटरचा खडूचा तुकडा द्या. एवढा छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप पुढे येतात. पाटी भिंतीला टेकवून उभी ठेवली की मनगटही योग्य वळतं. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, ही बोटांची चांगली कामं आहेत आणि त्यांना साहित्य विकत आणावं लागत नाही. लिहायला बसताना पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. काही मुलांचं ‘जागेवर न बसणं’ तेवढ्याने कमी झालेलं दिसतं. मिक्सर लावण्याआधी सांगा, बटण त्यालाच दाबू द्या, पहिल्यांदा दोनच सेकंद. जबरदस्तीने जवळ धरून ‘सवय लावू’ नका, भीती वाढते.

काही गोष्टी दिसल्या तर दुसऱ्या दिवसापासून जाऊ नका. दार बंद, पालकांना आत मनाई आणि कारण ‘मूल तुमच्यामुळे नाटकं करतं’. (काही मुलांसाठी पालक थोडा वेळ बाहेर थांबलेले बरे असतात, पण तेव्हा काच किंवा कॅमेरा हवा.) रडणाऱ्या मुलाला दाबून धरणं. ‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ असं वचन. एकच व्यक्ती ओटी, स्पीच आणि विशेष शिक्षण तिन्ही देते. ऑटिझमसाठी स्टेम सेल किंवा ऑक्सिजन चेंबर सुचवणं. स्टेम सेलबद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 मध्येच स्पष्ट ‘नको’ म्हटलं आहे. यात पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे मुलाची शिकण्याची वर्षं जातात.

ओटी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, निदानाचीही वाट पाहायची गरज नाही. पण पुढे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असं निदान झालंच, तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा आणि राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बघा. या चार गटांसाठी तिचं संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत आहे आणि थेरपीचा खर्चही तिच्या कक्षेत येतो. त्यासाठी प्रत्येक पावतीवर थेरपिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख पहिल्या दिवसापासून घेत चला, कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत.

पेठ, सुरगाणा, कळवण किंवा येवल्याहून येणाऱ्यांना आठवड्याला दोनदा शहर गाठणं शक्य नसतं. त्यांनी महिन्याला एक लांबलचक सेशन, त्यात तीनच गोष्टी शिकून घेणं, मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढणं, आणि मधल्या आठवड्यांत एक व्हिडिओ कॉल, अशी आखणी मागावी. तुमच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. थेरपिस्टचा कागद त्यांना दाखवला तर शाळेत तेवढं करून घेता येतं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल, स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) किंवा खास खुर्ची लागणार असेल, तर केईएम, नायर किंवा सायनच्या ओटी विभागात एकदा दाखवून येणं शहाणपणाचं. तिथला लेखी सल्ला इथल्या थेरपिस्टला द्या, म्हणजे दर महिन्याला मुंबई नको.

12 आठवडे झाले की ठरलेली तीन उद्दिष्टं काढून बसा. दोन पूर्ण झाली असतील तर पुढची ठरवा. एकही हललं नसेल तर आधी हजेरी बघा: ठरलेल्या 24 सेशन्सपैकी प्रत्यक्ष किती झाली, घरी आठवड्यातले किती दिवस सराव झाला. ते नीट असूनही फरक नसेल तर थेरपिस्टला विचारा, ‘आता काय बदलणार?’ त्यावर ठोस बदल ऐकू आला, उदाहरणार्थ ‘हाताची ताकद ठीक आहे, अडचण नजरेची दिसते, डोळे पुन्हा तपासून आणा, मी फळ्यावरून उतरवण्याचं काम सुरू करतो’, तर आणखी सहा आठवडे द्या. ‘अजून वेळ लागेल, चालू ठेवा’ एवढंच ऐकू आलं तर रिपोर्टची प्रत घ्या आणि यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन करा.